केशरबाईनं शिवलेला खेळ

केशरबाई लहानपणी कधी खेळली नव्हती. त्याची तिला तक्रारही नव्हती. कुणी विचारलंच तर एवढंच सांगायची, "मले टाइमच नाई भेटला." दर्यापूरकडच्या एका खेड्यात तिचा जन्म. स्वतः धड चालायला लागली तोवर धाकटा भाऊ कडेवर आला. तो उतरला तर बहीण आली. बहीण सुटी झाली तेव्हा केशर आईच्या मागं कापूस वेचायला जाऊ लागली. गावातल्या पोरी लंगडी खेळायच्या, फुगड्या घालायच्या, ते तिनं पाहिलं होतं. पण जाता-येता, डोक्यावर ओझं असताना.

लग्न होऊन ती चांदूर रेल्वेला आली. नवरा देवमन रेल्वेत गँगमन होता. दिवसभर रुळांच्या कडेनं घण घेऊन फिरायचा आणि संध्याकाळी घरी येताना लांबूनच गाणं म्हणत यायचा. त्यांचा पहिला मुलगा बोलायला लागायच्या आत तापानं गेला. मग शकुन झाली. ती रांगायला लागली तशी केशरबाईच्या जिवाची घालमेल सुरू झाली. विहिरीची भीती, रुळांची भीती, कुत्र्याची, गोवराची. छप्पन साली तिघं नागपूरला दीक्षा घ्यायला गेली, तर एवढ्या माणसांत पोर हरवेल म्हणून तिनं शकुनचं मनगट आपल्या पदराला बांधून टाकलं. देवमन हसला होता. "अवं, ते का वासरू आहे का?"

शकुन नऊ वर्षांची झाली त्या हिवाळ्यात तिचा एक गुडघा सुजला. दोन दिवसांनी तो उतरला आणि घोटा सुजला. मग मनगट. गावात कुणी म्हणालं, वाढीच्या अंगाचं दुखणं आहे, हळद लावा. केशरबाईनं हळद लावली. पण एका सकाळी शकुन नळावरून रिकामा गडवा घेऊन आली आणि दारातच बसली. तिला धाप लागली होती. रिकाम्या गडव्यानं धाप लागते, हे पाहून केशरबाईनं चूल तशीच सोडली आणि पोरीला घेऊन अमरावतीची गाडी धरली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शकुनच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग पाठीला लावून ऐकलं.

"हा सांध्यांचा ताप आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांधे बरे होतील. पण ताप हृदयाला लागलाय. आता औषध आहे, दर महिन्याला सुई आहे, पण त्याहून मोठं औषध म्हणजे पडून राहणं. हिच्या हृदयाला काम द्यायचं नाही. उठणं नाही, चालणं नाही, पळणं तर नाहीच. रडारड नको, चिडचिड नको."

"किती दिवस, बाई?"

"महिने म्हणा. आणि दवाखान्याच्या जवळ राहा. चांदूरहून येईपर्यंत उशीर होईल, असं व्हायला नको."

उशीर होईल, हे दोन शब्द केशरबाईच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले.

देवमनला नोकरी सोडता येत नव्हती. अमरावतीत खोली शोधताना दोन-तीन ठिकाणी आडनाव विचारल्यावर खोली कालच दिली असं सांगण्यात आलं. शेवटी हाजराबीनं आपल्या घरातली रस्त्याकडची खोली दिली. हाजराबीचा नवरा बशीर पिंजारी होता. मागच्या पडवीत त्याची पिंजण टांगलेली असायची आणि दिवसभर कापूस पिंजताना तिची ताणलेली तात टण् टण् वाजायची. हाजराबी गाद्यांच्या खोळी शिवायची. भाडं ठरवायच्या आधी ती शकुनच्या खाटेजवळ गेली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अजी, हिच्यासाठी एक उंच तक्क्या भरा. बसल्यासारखं पडली तर पोरीले दम नाई लागणार."

खोली मिळाली, तक्क्या मिळाला, औषध सुरू झालं. पण नऊ वर्षांच्या पोरीला खाटेवर पाडून ठेवायचं कसं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं.

पहिला आठवडा शकुन तापानंच गळून पडली होती. ताप उतरला, सुजलेले सांधे मोकळे झाले आणि तिला वाटलं, आपण बऱ्या झालो. खिडकीबाहेर गल्लीतली पोरं लगोरी खेळायची. दगडांचा मनोरा कोसळला की ओरडा उठायचा आणि शकुन कोपरावर उठून बसायची.

"पड खाली."

"मले काई होऊन नाई राहिलं, माय."

"पड म्हनतो ना."

केशरबाई पाण्याला गेली की भराभर परत यायची. येताना घागर हिंदकळून साडी भिजायची. आल्या आल्या आधी खाट पाहायची. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे झोपलेल्या शकुनच्या छातीवर तळवा ठेवणं. खाली ते धडधडत असायचं, बशीरच्या पिंजणीची तात जशी कापूस उडवताना थरथरते तसं. ते चालू आहे म्हणून तिला बरं वाटायचं आणि इतक्या जोरात का चालू आहे म्हणून लगेच भीती वाटायची.

एका दुपारी ती परत आली तर शकुन खिडकीच्या गजांना धरून उभी होती. केशरबाईनं तिला उचलून खाटेवर ठेवलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, शकुनचा एक पाय खाटेच्या खुराला बांधला आणि भिंतीला टेकून बसून राहिली. शकुन रडली नाही. रडायचं नाही हे तिला माहीत होतं. ती नुसती त्या गाठीकडे पाहत होती.

हाजराबी खोळीचं कापड घ्यायला आत आली आणि दारातच थबकली.

"या अल्ला! अवं केशर, पोरीले ढोरावानी बांधतं का कोनी?"

"मंग काय करू, आपा? मले सांगा ना तुमी. ते उठली आन् काई झालं तर?"

हाजराबीनं आधी गाठ सोडली. मग ती आपल्या पेटीतून एक घडी आणि कवड्यांची थैली घेऊन आली. पच्चीसीचा पट होता तो, लाल कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवलेला. हाजराबी माहेरी बहिणींत पच्चीसीसाठी बदनाम होती. डाव हरायला लागली की भांडायची आणि जिंकली की सगळ्यांना गूळ वाटायची.

"पाय बांधून काई होत नाई," ती म्हणाली. "मन बांधा लागते. सरक, मले बसू दे."

शकुन तिन्हीसांजेपर्यंत तक्क्याला टेकून खेळली. एकदाही खिडकीकडे पाहिलं नाही. केशरबाई लांबून पाहत होती. तिला पट कळत नव्हता, सोंगटी कुठून निघते आणि कुठं जाते ते कळत नव्हतं. पण शकुनचे पाय हलत नाहीत, हे तिला दिसत होतं.

हाजराबीला घर होतं, काम होतं. रोज तिला कसं बसवायचं? म्हणून केशरबाई खेळायला शिकली. तेहतीस-चौतीस वर्षांची बाई, हातात कवड्या धरायला लाजत होती. कुणी पाहील म्हणून दार लोटून घ्यायची. पण शकुनला खूश ठेवायचं एवढंच तिला कळत होतं, म्हणून ती मुद्दाम चुकीची सोंगटी पुढं सरकवायची. दोन दिवसांत शकुनच्या ध्यानात आलं.

"माय, तू जानूनबुजून हारून राहिली."

"नाई वं."

"हाव. मले मारता यावी म्हनून तू तुही सोंगटी पुढं आनली. मी का लहान आहो का?"

मग केशरबाई खरं खेळू लागली. आणि तिच्या ध्यानात आलं की खरं खेळणं त्याहून वाईट. घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मारली गेली की शकुनचे ओठ थरथरायचे, नाकपुड्या फुगायच्या. केशरबाईचा हात कवड्या सोडून तिच्या छातीकडे जायचा. खाली तात तुटेल की काय अशी वाजत असायची. शकुन जिंकली तरी तेच. आनंदानंही तिला धाप लागायची.

महिन्याच्या सुईला गेल्यावर केशरबाईनं घाबरत घाबरत विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खेळू दे, पण उत्तेजना नको. शांत खेळ द्या काहीतरी."

शांत खेळ! केशरबाईला असा कुठला खेळ माहीत असणार? तिनं पच्चीसी हाजराबीला परत केली. शकुननं तोंड भिंतीकडे केलं. जेवायला उठवलं तर दोन घास खायची आणि पुन्हा भिंत.

देवमन सुटीला यायचा तेव्हा खोलीत गोंगाट यायचा. तो शकुनला रुळावरच्या गोष्टी सांगायचा. सिग्नलच्या खांबावर घरटं केलेला कावळा, इंजिनाखाली सापडून वाचलेली शेळी. एकदा तो उशिरा आला आणि कारण सांगताना म्हणाला, "आमची पॅसेंजर बाजूले टाकली ना. मालगाडी मांगून आली, तिले आधी काढलं. आमी बसलो तथी, बोरं खात."

"असं काहून करतात? पॅसेंजरमंदी मानसं असतात ना?" शकुननं विचारलं.

"मानसाले थांबता येते, पोरी."

तो गेल्यावर शकुननं तोंड भिंतीकडे केलं नाही. ती छताकडे पाहत म्हणाली, "माय, अमरावतीहून चांदूरले जायचं असलं तर कोनती कोनती ठेसनं लागतात?" केशरबाईनं आठवतील तेवढी सांगितली. शकुननं परत विचारलं. परत सांगितली.

त्या आठवड्यात केशरबाई हाजराबीबरोबर खोळी शिवत होती. खोळीच्या कापडाचे तुकडे पडायचे, ते हाजराबी तिला द्यायची. केशरबाईनं एक गोधडी जोडायला घेतली होती, शकुनच्या पायांवर टाकायला. बदनेऱ्याचं नाव घेत घेत तिनं सहज एक लाल तुकडा लावला. मग पुढच्या ठेसनाचा निळा. मधे काळ्या दोऱ्याचे रूळ. रुळांच्या मधल्या प्रत्येक चौकटीत एक घर. नाला आला तिथं तिनं हिरव्या दोऱ्याच्या लाटा घातल्या. फाटक आलं तिथं दोन आडव्या पट्ट्या. टोकाला, शकुनच्या पोटावर येईल अशा जागी, पिवळ्या कापडाचं एक खोपट. ते देवमनचं.

"हे काय आहे?" शकुननं विचारलं.

"मले नाई माहीत," केशरबाई खरं तेच बोलली. "तू सांग."

खेळ दोघींनी मिळून केला. पांढरं बटण म्हणजे पॅसेंजर, काळं बटण म्हणजे मालगाडी. पाच कवड्या गोधडीवरच टाकायच्या. मऊ पडतात, उडत नाहीत. जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पॅसेंजर पुढं. सगळ्या पालथ्या पडल्या तर मालगाडी पळते, भली मोठी उडी मारून. मालगाडीच्या आधी पॅसेंजर चांदूरला पोहोचली तर सगळे जिंकले. नाही पोहोचली तर सगळे हरले. खेळणारे कितीही असोत, पॅसेंजर एकच. हा नियम केशरबाईचा होता. शकुनला कुणी मारायला नको, शकुननं कुणाला मारायला नको, एवढाच तिचा विचार होता.

हाजराबीला हा खेळ अळणी वाटला. "भांडन नाई तं मजा कायची?" पण तीही बसली आणि मालगाडी नाल्यापाशी आली तेव्हा पदर तोंडात धरून कवड्या टाकू लागली. गल्लीतली ललिता खिडकीतून पाहायची. ती एक दिवस आत आली. मग तिच्यामागं दोघं-तिघं. लगोरीचे दगड बाहेर तसेच पडून राहू लागले. पोरं खाटेभोवती गुडघ्यावर बसायची आणि शकुन मधोमध तक्क्याला टेकून गाडी चालवायची. तिनं पोरांना कडक ताकीद दिली होती, "जोरानं ओरडाचं नाई. माही माय हाकलून देईन." पोरं कुजबुजत ओरडायची. तो आवाज ऐकून बशीरसुद्धा पिंजण थांबवून हसायचा.

केशरबाईला हसू येत नव्हतं. ती मागं उभी राहून शकुनच्या गळ्यातली शीर पाहायची. शीर जोरात उडू लागली की म्हणायची, "झालं. आता गाडी पानी पिऊन राहिली. सगळे चूप बसा." आणि पोरं चूप बसायची, इंजिनात पाणी भरेपर्यंत.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुधारणा आहे. पुढच्या महिन्यात थोडं बसवून पाहू. देवमननं चांदूरला पेढे वाटले. केशरबाई त्याला रागे भरली. "आत्ताच कायचे पेढे? नजर लागते."

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. शकुनला दोन दिवस घसा दुखत होता. दुपारी केशरबाई मागच्या अंगणात धुणं धूत होती. खोलीत पोरं होती. एकदम ओरडा उठला. कुजबुजत नाही, मोकळ्या गळ्यानं. "गेली! गेली! पोहोचली!" आणि त्यातला सगळ्यात मोठा आवाज शकुनचा होता. केशरबाईच्या हातातलं लुगडं तिथंच पडलं. ती आत पोहोचली तेव्हा शकुन खाटेवर उभी होती. दोन्ही हात वर. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, तसं केशरबाईनं वर्षभरात पाहिलं नव्हतं. मग ते हसू तसंच राहिलं आणि गुडघे वाकले.

शकुनचे ओठ जांभळे पडले होते. बशीर कापसानं भरलेल्या अंगानं टांगा आणायला पळाला. टांग्यात केशरबाई तिला छातीशी धरून बसली होती आणि एकच वाक्य बोलत होती, "थांबजो वं माय, थांबजो." हाजराबी समोर बसून दुवा पुटपुटत होती.

दवाखान्यात पोरीच्या नाकाला नळी लावली. डॉक्टरीणबाई आल्या, ऐकत राहिल्या, ऐकत राहिल्या. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाल्या, "ताप परत आलाय. घशातून."

"बाई, ते उभी राह्यली म्हनून झालं का? खेळानं झालं का?"

डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या. "तापानं झालं असेल. उभी राहिली त्याचाही ताण पडला असेल. तसं वेगळं काढून सांगता येत नाही."

हे उत्तर केशरबाईला जन्मभर पुरलं. तापानं की खेळानं? म्हातारपणीसुद्धा ती कधी बोलता बोलता थांबायची आणि तिच्या चेहऱ्यावरून कळायचं की ती पुन्हा त्या दुपारी गेली आहे. पण तेव्हा, दवाखान्याच्या व्हरांड्यात, तिला शंका नव्हती. खेळ तिनं शिवला होता. पोरं तिनं घरात घेतली होती. धुणं धुवायला तीच मागं गेली होती.

देवमन आला. तो पहिल्यांदाच गाणं न म्हणता आला. केशरबाई त्याला म्हणाली, "म्या मारली पोरीले." तो तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि त्याचे खांदे हलू लागले. इतकी वर्षं हा माणूस हसण्याखाली काय झाकून होता, ते तिला त्या दिवशी दिसलं.

शकुन वाचली. घरी आणली तेव्हा ती निम्मी झाली होती. छातीतल्या एका झडपेला कायमचा दोष राहिला आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पुन्हा खाट, पुन्हा तक्क्या. केशरबाईनं गोधडी घडी करून पत्र्याच्या पेटीत तळाला घातली. ललिता दारात आली तर तिला म्हणाली, "शकुनले बरं नाई. येऊ नको." खिडकी अर्धी लावून घेतली. बशीरनं आपण होऊन पिंजण मागच्या मागं, लांबच्या कोपऱ्यात नेली.

घर इतकं शांत झालं की केशरबाईला वाटलं, आता काही होणार नाही. शकुन काही मागत नव्हती. भिंतीकडे तोंडही करत नव्हती. सरळ पडून असायची, डोळे उघडे, हात छातीवर. काय पाहतेस म्हटलं तर म्हणायची, काही नाही.

एका सकाळी केशरबाईनं नेहमीसारखा तळवा ठेवायला हात पुढं केला, तर तिथं आधीच शकुनचा हात होता. पोरगी जागी होती.

"माय, हे बंद पडलं तर कळते का आपल्याले?"

"कोन म्हनलं तुले असं?"

"कोनी नाई. मी आयकत राह्यतो. दिवसभर. मधातच ते चुकते, मंग मले भेव लागते का आता पुढचं येते का नाई येत." ती थांबून श्वास घेत होती. "खेळत होतो तवा आयकू नाई ये. आता काईच नाई ना, मंग तेच आयकू येते."

केशरबाई खाटेच्या कडेला बसली. आजवर तिला वाटत होतं की भीती ही आपली एकटीची आहे. आपण ती वाहायची आणि पोरीनं नुसतं पडून राहायचं. ह्या एवढ्याशा जिवानं तीच भीती आपल्या छातीत दाबून धरली होती आणि आईला त्रास नको म्हणून बोलली नव्हती.

"मले बी आयकू येते," ती म्हणाली. "रोज."

"तुले बी भेव लागते?"

"लय लागते, माय माही."

शकुन कुशीवर वळली. मग म्हणाली, "मंग दोघी मिळून खेळू ना काईतरी."

केशरबाईला निर्णय घ्यायला तो सगळा दिवस लागला. ती हाजराबीकडे गेली, परत आली. पेटी उघडली, बंद केली. डॉक्टरीणबाईंना विचारावं असं वाटलं आणि त्यांना तरी कुठं माहीत असणार, असंही वाटलं. पोरगी खेळून मेली तर? आणि न खेळता, एकटी पडून, ऐकत ऐकत मेली तर? दिवे लागायच्या वेळी तिनं गोधडी काढून शकुनच्या पायांवर पसरली. बटणं खाली पडली, ती शोधून आणली.

"एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "गाडी पोचली तर उभं राहाचं नाई. कितीबी आनंद झाला तरी."

"मंग काय कराचं?"

"माहा हात दाबजो. जोरानं."

त्या संध्याकाळी मालगाडी जिंकली. शकुननं आईचा हात दाबला आणि म्हणाली, "अजून एक."

ललिता परत येऊ लागली. घसा दुखतो म्हणणाऱ्या पोराला मात्र केशरबाई उंबऱ्याच्या आत घेत नसे. त्यावरून गल्लीतल्या बायका रुसल्या, तिला चालत होतं. पुढच्या उन्हाळ्यात शकुन खाटेवरून खाली उतरली. आधी खाटेपासून दारापर्यंत, मग पडवीपर्यंत. शाळेत गेली तेव्हा तिच्या वर्गातली पोरं तिच्याहून लहान होती. तिला पळायला बंदी, ओझं उचलायला बंदी, महिन्याची सुई चुकवायला तर सक्त बंदी. केशरबाई शाळेच्या मधल्या सुटीत कुंपणाशी येऊन उभी राहायची. शकुन मोठी झाली तशी ती चिडायला लागली. "माय, पोट्ट्या हासतात मले." केशरबाई दुसऱ्या दिवशी जरा लांबच्या झाडाखाली उभी राहायची.

देवमनची अमरावतीला बदली काही झाली नाही. तो चांदूरला, ह्या दोघी अमरावतीला, असंच वर्षानुवर्षं चाललं. केशरबाई हाजराबीच्या बरोबरीनं खोळी शिवू लागली.

एकोणसत्तर साली शकुन मॅट्रिक झाली आणि तिचा अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नंबर लागला. केशरबाईला आधी वाटलं, नको. अमरावतीत सुई देणारे ओळखीचे होते. अकोल्यात कोण? पण शकुननं स्वतःच तिथल्या दवाखान्याची चौकशी करून ठेवली होती. मायलेकी एसटीनं अकोल्याला गेल्या. वाटेत प्रत्येक थांब्यावर केशरबाई शकुनचा चेहरा पाहायची आणि शकुन खिडकीबाहेर पाहायची.

वसतिगृहाच्या बाई, आशाबाई, यादी पाहून म्हणाल्या, "हिची खोली वरच्या मजल्यावर आहे."

केशरबाई पुढं झाली. "बाई, इले खालची खोली द्या. इच्या छातीत..."

"माय." शकुननं तिचा दंड धरला. आवाज वाढवला नाही. बाकीच्या मुली पेट्या घेऊन मागं उभ्या होत्या. "मी सांगतो बाईले काय सांगाचं ते. तू थांब." आणि तिनं आशाबाईंना शांतपणे सांगितलं, हृदयाचा त्रास आहे, महिन्याला सुई असते, पेटी कुणीतरी वर न्यावी लागेल. जिना मी चढते.

पेटी शिपायानं नेली. शकुन जिना चढू लागली. केशरबाई खाली उभी होती. तिचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. तिच्या ओठांवर आलं होतं, सावकाश, सावकाश. ती बोलली नाही. शकुन जिन्याच्या वळणावर पोहोचली आणि थांबली. दोन मुली तिच्या बाजूनं धडधडत वर गेल्या. तिनं त्यांना जागा दिली. कठड्यावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली, कुणाची वाट पाहत असल्यासारखी, खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड पाहत. श्वास बसल्यावर तिनं खाली वाकून आईकडे पाहिलं आणि वरच्या पायऱ्या चढू लागली.

केशरबाई ती दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ उभी राहिली. मग आशाबाईंना म्हणाली, "पोरगी हुशार आहे, बाई. तिले थांबनं समजते." आणि डोळे पुसून ती अमरावतीची एसटी कुठून सुटते ते विचारू लागली.